घरातल्या जुन्या-नव्या संगणकांत फाइल शेअरिंग: दार नव्या यंत्रानं उघडायचं

बाबांचा डेस्कटॉप २०११ सालचा. त्यावर विंडोज ७ आहे आणि तो अजून व्यवस्थित चालतो. घरातले जुने फोटो, जमिनीच्या कागदांचे स्कॅन, आईनं टाइप करून ठेवलेल्या पाककृती, सगळं त्यातच आहे. ताईच्या लॅपटॉपवर विंडोज १०, माझ्या लॅपटॉपवर विंडोज ११. तिन्ही यंत्रं एकाच राउटरला जोडलेली, तरी काही हवं असलं की आम्ही पेन ड्राइव्ह शोधत फिरायचो. तो पेन ड्राइव्ह मध्येच झेरॉक्सच्या दुकानात जाऊन यायचा आणि येताना व्हायरस घेऊन यायचा. फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसायला लागले की आईच्या काळजाचा ठोका चुकायचा. फाइल गेल्या असंच तिला वाटायचं.

हा लेख अशा घरांसाठी आहे. वाचणाऱ्याला नेटवर्किंगमधलं काहीही येत नाही असं धरून लिहितो आहे. राइट क्लिक करता येतं आणि वाय-फायचा पासवर्ड ठाऊक आहे, एवढं पुरे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे. शेअरिंग म्हणजे एका यंत्रानं दार उघडायचं आणि बाकीच्यांनी त्या दारावर थाप द्यायची. बहुतेक जण ज्या यंत्रात फाइल आहेत त्याचंच दार उघडायला जातात, म्हणजे नेमक्या जुन्या यंत्राचं. तिथेच सगळं अडतं. विंडोज ७ ला सुरक्षेची नियमित अपडेट्स मिळणं १४ जानेवारी २०२० ला थांबलं. अशा यंत्राचं दार उघडणं धोक्याचं, आणि नव्या विंडोजला जुन्या यंत्राशी बोलताना शंभर शंका. उलट करा. शेअर केलेलं फोल्डर घरातल्या सर्वांत नव्या यंत्रावर ठेवा. जुन्या यंत्रानं फक्त थाप द्यायची, आत जायचं आणि आपल्या फाइल ठेवून यायच्या. जुन्या यंत्रावर मग जवळजवळ एकही सेटिंग बदलावं लागत नाही.

आधी भाषेचं थोडं

विंडोजचे संगणक एकमेकांना फाइल देतात ते एसएमबी नावाच्या पद्धतीनं. ती पद्धत १९८० च्या दशकातली आहे आणि तिच्या आवृत्त्या निघत गेल्या. विंडोज एक्सपीला फक्त पहिली आवृत्ती येते. दुसरी व्हिस्टाबरोबर आली. विंडोज ७ ला २.१ येते, विंडोज ८ पासून तिसरी, आणि विंडोज १० व ११ ला ३.१.१. दोन यंत्रं भेटली की दोघांना येणारी सर्वांत नवी आवृत्ती ठरवून त्यात बोलतात. म्हणून ७, १० आणि ११ यांचं आपापसांत जमतं. एक्सपीचं जमत नाही, त्याच्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

शोधलंत तर जुन्या लेखांत ‘होमग्रुप’ वापरा असा सल्ला सापडेल. त्यात वेळ घालवू नका. होमग्रुप विंडोज ७ बरोबर आला आणि २०१८ साली विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीत काढून टाकला गेला. विंडोज ७ वर ती खिडकी अजून उघडते, पासवर्डही देते, पण पलीकडे ऐकणारं कोणी नसतं. सगळ्या यंत्रांचं ‘वर्कग्रुप’ नाव एकच हवं, असंही वाचाल. आपण खाली आकड्यांच्या पत्त्यानं जाणार आहोत, त्याला वर्कग्रुपच्या नावाशी देणंघेणं नाही.

तिन्ही यंत्रं खरोखर एकाच नेटवर्कवर आहेत ना?

हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. मी एकदा एका शेजाऱ्यांकडे अख्खी दुपार सेटिंग्ज उलटीपालटी करत बसलो होतो आणि दोष तारेत होता. आपल्याकडे फायबर कनेक्शन घेतलं की एक राउटर कंपनी देते. त्याचं वाय-फाय आतल्या खोलीत पोचत नाही, म्हणून लोक दुसरा राउटर आणून पहिल्याला जोडतात. आता घरात दोन नेटवर्क झाली. इंटरनेट दोन्हीकडे चालतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण हॉलमधला डेस्कटॉप एका नेटवर्कवर असतो आणि आतल्या खोलीतला लॅपटॉप दुसऱ्यावर.

तपासायचं असं. विंडोज ११ वर सेटिंग्ज उघडा, नेटवर्क अँड इंटरनेटमध्ये जा, जोडलेल्या वाय-फायच्या प्रॉपर्टीज उघडा आणि ‘आयपीव्ही४ ॲड्रेस’ या ओळीपुढचे चार आकडे कागदावर लिहून घ्या. समजा ते १९२.१६८.१.२० आहेत. विंडोज ७ वर घड्याळाशेजारच्या नेटवर्कच्या चिन्हावर राइट क्लिक करून नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर उघडा, कनेक्शनच्या नावावर क्लिक करा, मग ‘डीटेल्स’. तिथेही चार आकडे मिळतील. घरगुती राउटरवर दोन्हीकडचे पहिले तीन आकडे सारखे असायला हवेत, शेवटचा वेगळा. एकीकडे १९२.१६८.१ आणि दुसरीकडे १९२.१६८.० दिसलं तर दोन नेटवर्क आहेत असं समजा. सोपा उपाय म्हणजे कामापुरती दोन्ही यंत्रं एकाच वाय-फायला जोडणं. कायमचा उपाय म्हणजे दुसरा राउटर त्याच्या सेटिंगमधून ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडवर टाकणं, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न करता पहिल्याचंच नेटवर्क पुढे पोचवतो.

‘गेस्ट’ वाय-फायवर असाल तर यंत्रं सहसा एकमेकांना दिसतच नाहीत. गेस्ट नेटवर्क असतंच त्यासाठी. डेस्कटॉप तारेनं आणि लॅपटॉप वाय-फायनं एकाच राउटरला जोडलेले असतील, तर मात्र काही अडचण नाही.

नव्या यंत्रावर दार बसवणं

आता सगळं काम विंडोज ११ च्या यंत्रावर. तुमच्याकडचं नवं यंत्र विंडोज १० चं असेल तर त्यावरही हेच करायचं, फक्त काही बटणं दुसऱ्या जागी सापडतील. विंडोज १० ची नियमित अपडेट्सही १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आहेत. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट्सची जी योजना आहे तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. तिच्यात नाव नोंदवून घ्या.

सुरुवात नेटवर्कच्या प्रकारापासून. मघाच्याच वाय-फाय प्रॉपर्टीजमध्ये वर ‘पब्लिक नेटवर्क’ आणि ‘प्रायव्हेट नेटवर्क’ असे दोन पर्याय आहेत. प्रायव्हेट निवडा. पब्लिक असताना विंडोज दार बंद ठेवतं, आणि स्टेशनवर किंवा हॉटेलात तेच योग्य. हे सेटिंग प्रत्येक नेटवर्कसाठी वेगळं लक्षात राहतं, म्हणून घरचं प्रायव्हेट केलं तरी बाहेरचं पब्लिकच राहतं.

मग नेटवर्क अँड इंटरनेटमध्ये परत येऊन ‘ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज’ आणि त्यात ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज’ उघडा. प्रायव्हेट नेटवर्क्सखाली ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ आणि ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ दोन्ही चालू करा. खाली ‘ऑल नेटवर्क्स’मध्ये ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ दिसेल. ते चालूच राहू द्या.

या शेवटच्या बटणापाशी थांबून बोलायला हवं. काही जमेना की कुणीतरी सांगतं, पासवर्डचं ते बटण बंद करा आणि ‘एव्हरीवन’ला परवानगी द्या, लगेच चालेल. पूर्वी मीही तेच केलं होतं, आणि चाललंही. पंधरा दिवसांनी शेजारचा मुलगा कॉलेजच्या सबमिशनसाठी आमचं वाय-फाय वापरायला आला. थोड्या वेळानं त्यानं लॅपटॉप माझ्याकडे फिरवला आणि विचारलं, “दादा, हे तुमचं आहे का?” त्याच्या पडद्यावर बाबांच्या पेन्शनचे कागद आणि पासबुकांचे स्कॅन उघडे होते. पोरगा सरळ म्हणून त्यानं सांगितलं. आपल्याकडे वाय-फायचा पासवर्ड पाहुण्यांना, शेजाऱ्यांना, केबल दुरुस्तीला आलेल्या माणसालाही दिला जातो. वाय-फायचा पासवर्ड म्हणजे घराची किल्ली नव्हे, फार तर फाटकाची. खोलीला वेगळं कुलूप हवंच.

ते कुलूप असं बसवा. सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’, मग ‘अदर युजर्स’, मग ‘ॲड अकाउंट’. मायक्रोसॉफ्टचं खातं विचारणारी खिडकी येईल. तिथे ‘या व्यक्तीची साइन-इन माहिती माझ्याकडे नाही’ या अर्थाच्या ओळीवर क्लिक करा आणि पुढच्या खिडकीत ‘मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय युजर जोडा’ या अर्थाचा पर्याय घ्या. नाव इंग्रजी अक्षरांत, एकच शब्द. आमच्याकडे ‘कुटुंब’ आहे. पासवर्ड नीट लांब द्या. घरातल्या एखाद्या नेहमीच्या वाक्यातले तीन-चार शब्द सलग जोडले तर लक्षात राहतो आणि कुणाला सहज सुचत नाही. खाली सुरक्षेचे तीन प्रश्न भरावे लागतात. या खात्याला ॲडमिनिस्ट्रेटर करू नका, साधंच ठेवा.

तुम्ही म्हणाल, माझं स्वतःचं खातं आहे की, वेगळं कशाला? कारण बरेच जण लॅपटॉप पिन टाकून किंवा बोट लावून उघडतात. तो पिन त्याच यंत्रापुरता असतो, नेटवर्कवरून चालत नाही. नेटवर्कवर मूळ पासवर्ड लागतो आणि तो कुणालाच आठवत नसतो. ज्या खात्याला पासवर्डच नाही तेही विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. सेटिंग सगळं बरोबर आणि तरी ‘पासवर्ड चुकीचा’, ही तक्रार मी सर्वांत जास्त वेळा ऐकली आहे आणि दर वेळी मुळाशी हेच निघालं आहे. वेगळं खातं केलं की गोंधळ मिटतो, शिवाय तुमच्या ईमेलचा पासवर्ड बाबांच्या जुन्या यंत्रात साठवावा लागत नाही.

आता फोल्डर. ते डी ड्राइव्हवर करा, डी नसेल तर थेट सी ड्राइव्हवर. डेस्कटॉपवर किंवा डॉक्युमेंट्समध्ये करू नका. तिथलं फोल्डर शेअर केलं की विंडोज बहुधा ‘युजर्स’ हे अख्खं वरचं फोल्डरच नेटवर्कवर मांडतं आणि पत्ता लांबलचक होतो. फोल्डरचं नाव इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. मी जी-एच-ए-आर, म्हणजे ‘घर’ ठेवलं आहे. आतली फोल्डरं खुशाल मराठीत करा, ‘लग्नाचे फोटो २००९’ असं नाव तिन्ही यंत्रांवर नीट दिसतं.

फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, वरचा ‘शेअरिंग’ टॅब. तिथे दोन बटणं आहेत, ‘शेअर’ आणि ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग’. नवख्यांनी पहिलंच दाबावं. फाइल उघडायला दोन परवानग्या लागतात, एक नेटवर्कवरून आत येण्याची आणि दुसरी डिस्कवरच्या त्या फोल्डरची. दोन्हींत जी कडक ती लागू होते. ‘शेअर’ बटण दोन्ही एकदम लावतं, ‘ॲडव्हान्स्ड’ फक्त पहिली. मग फोल्डर दिसतं पण फाइल टाकायला गेलं की ‘ॲक्सेस डिनाइड’ येतं. ‘शेअर’ दाबल्यावर यादीतून ‘कुटुंब’ निवडा, ‘ॲड’ करा, त्याच्यापुढचा बाण उघडून ‘रीड/राइट’ द्या आणि खालचं ‘शेअर’ दाबा.

जुन्या यंत्रावरून थाप

बाबांच्या विंडोज ७ वर जा. काहीही बदलू नका. नेटवर्क ‘पब्लिक’ असलं तरी चालेल, बाहेर जाणाऱ्याला विंडोजचं फायरवॉल, म्हणजे दारावरचा पहारेकरी, अडवत नाही. होमग्रुपची खिडकी आलीच तर कॅन्सल करा.

कीबोर्डवर विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा. ‘रन’ची छोटी पट्टी येते. तिच्यात पत्ता असा लिहायचा:

\\१९२.१६८.१.२०\घर

आकडे तुमच्या कागदावरचे, आणि सगळं इंग्रजी कीबोर्डवरून. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा डावीकडे झुकणाऱ्या, म्हणजे बॅकस्लॅश. ती कळ बहुतेक कीबोर्डवर एंटरच्या वर असते. प्रश्नचिन्हाखालची तिरपी रेघ वेगळी, ती इथे चालत नाही.

एंटर दाबल्यावर नाव आणि पासवर्ड विचारला जाईल. नुसतं ‘कुटुंब’ लिहून एंटर दाबू नका. खिडकीत खाली ‘डोमेन’पुढे बाबांच्याच यंत्राचं नाव दिसेल, म्हणजे विंडोज ७ ला वाटतं आहे की कुटुंब नावाचा माणूस त्याच्याच घरातला आहे. म्हणून आधी नव्या यंत्राचं नाव, मग एक बॅकस्लॅश, मग ‘कुटुंब’. नव्या यंत्राचं नाव सेटिंग्जमधल्या ‘सिस्टम’खाली ‘अबाउट’मध्ये मिळतं. हे लिहिताच डोमेनपुढचं नाव बदललेलं तिथल्या तिथे दिसतं. पासवर्ड द्या, ‘लक्षात ठेवा’वर टिक करा, एंटर. रिकामं फोल्डर उघडलं की झालं.

पहिली चाचणी छोट्या फाइलनं. जुन्या यंत्रावरून एक फोटो टाका, नव्यावर उघडा, मग नव्यावरून एक टाका आणि जुन्यावर उघडा. दोन्ही बाजूंनी जमलं की हे फोल्डर ड्राइव्हसारखं कायमचं जोडून घ्या. विंडोज ७ मध्ये ‘कॉम्प्युटर’ उघडल्यावर वरच्या पट्टीत ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’ आहे. विंडोज १० मध्ये ते ‘धिस पीसी’तल्या कॉम्प्युटर टॅबमध्ये, विंडोज ११ मध्ये तीन टिंबांखाली. अक्षर निवडा, तोच पत्ता द्या, पुन्हा जोडण्याच्या ओळीवर टिक राहू द्या. आता बाबांना सी आणि डीच्या खाली आणखी एक ड्राइव्ह दिसतो. त्यात टाकलं की मुलाच्या लॅपटॉपवर जातं, एवढंच त्यांना सांगावं लागलं.

पत्त्याचे आकडे राउटर वाटतो आणि तो कधीमधी बदलतो. महिनाभर नीट चाललेलं एके दिवशी सापडेनासं झालं तर आधी आकडे पुन्हा पाहा. राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ नावाची सोय बहुधा असते, तिथे नव्या यंत्राला एक आकडा राखून द्या. त्याआधी वाय-फाय सेटिंगमधलं ‘रँडम हार्डवेअर ॲड्रेस’ बंद आहे ना ते बघा, नाहीतर राउटर यंत्राला नवखं समजतो.

अडलं तर

‘नेटवर्क पाथ सापडला नाही’, म्हणजे ८००७००३५ या आकड्यानं संपणारा एरर, याचा अर्थ थाप दारापर्यंत पोचलीच नाही. बघायचा क्रम असा: नवं यंत्र झोपलं आहे का, आकडे बरोबर आहेत का, दोन्ही एका नेटवर्कवर आहेत का, नव्या यंत्रावर प्रायव्हेट निवडलं आहे का. वेगळा अँटिव्हायरस विकत घेतला असेल तर त्याचं स्वतःचं फायरवॉल असू शकतं, त्यातही घरचं नेटवर्क विश्वासाचं म्हणून नोंदवावं लागतं. लॅपटॉप झोपण्याचं कारण सर्वांत साधं आणि सर्वांत जास्त विसरलं जाणारं. मोठी कॉपी लावायच्या आधी चार्जर लावा आणि पॉवरच्या सेटिंगमध्ये ‘स्लीप’ ‘नेव्हर’ करा.

एकाच यंत्राशी दोन वेगवेगळ्या नावांनी जोडता येत नाही अशी लांब सूचना आली, तर आधीच्या चुकलेल्या प्रयत्नाची आठवण विंडोजनं धरून ठेवली आहे. जुनं यंत्र रीस्टार्ट करा. तरी येत असेल तर कंट्रोल पॅनलमधल्या ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मध्ये जाऊन त्या पत्त्याची नोंद काढून टाका आणि नव्यानं नाव-पासवर्ड द्या.

डाव्या बाजूच्या ‘नेटवर्क’ यादीत यंत्र दिसत नाही, म्हणून बरेच जण हताश होतात. ती यादी भरवशाची नाही. यंत्र तिथे दिसलं नाही तरी पत्त्यानं उघडतं, आणि उघडलं म्हणजे काम झालं.

विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती आल्यापासून आणखी एक प्रश्न वाढला. तिच्या प्रो आवृत्तीत नाव-पासवर्डाशिवायचा ‘गेस्ट’ प्रवेश बंद आहे आणि प्रत्येक देवाणघेवाणीवर सही लागते, म्हणजे मधल्या मध्ये कुणी काही बदललं नाही याचा पुरावा. राउटरला हार्ड डिस्क लावून पासवर्डाशिवाय शेअर करणाऱ्यांचं त्यामुळे अचानक बंद पडलं. ही सक्ती काढून टाकायच्या युक्त्या सगळीकडे मिळतात. त्या करू नका. त्या राउटरमध्ये किंवा डिस्कमध्ये नाव-पासवर्ड द्यायची सोय आहे का ते बघा. आपल्या मांडणीत हा प्रश्न येतच नाही, कारण विंडोज ७ ला सही करता येते आणि आपण पासवर्डानंच आत जातो.

मॅक आणि लिनक्स

मॅकवर फाइंडर उघडून कमांड आणि के एकत्र दाबा. येणाऱ्या पट्टीत एसएमबी ही तीन इंग्रजी अक्षरं, अपूर्णविराम, उजवीकडे झुकणाऱ्या दोन तिरप्या रेघा आणि मग तेच आकडे. ‘रजिस्टर्ड युजर’ निवडून कुटुंबाचं नाव-पासवर्ड द्या. उबुंटू किंवा मिंटसारख्या लिनक्सच्या फाइल मॅनेजरमध्ये वरच्या पत्त्याच्या जागी हाच पत्ता लिहिला की चालतं. लिनक्सला ही भाषा येते ती सांबा या मुक्त सॉफ्टवेअरमुळे. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते काम हाती घेतलं आणि आज तीन वेगळ्या घराण्यांची यंत्रं एकाच फोल्डरात बसतात, हे मला अजूनही फार मोठं वाटतं.

एक्सपी असेल तर

कृपया नेटवर्कवरून प्रयत्न करू नका. एक्सपीला एसएमबीची पहिलीच आवृत्ती येते. २०१७ च्या शेवटापासून नव्या विंडोजमध्ये ती आपोआप बसवली जात नाही. ‘विंडोज फीचर्स’मध्ये तिच्यापुढे टिक करून ती परत आणता येते, आणि तसं सांगणारे पुष्कळ भेटतील. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो याच पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून. ते भोक बुजवणारं अपडेट त्याच वर्षी मार्चमध्ये आलं होतं, पण लाखो यंत्रांवर ते पोचलं नव्हतं. महिन्याभरानंतर त्याच भोकाचा वापर करणाऱ्या दुसऱ्या हल्ल्यात उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं होतं. घरातला एक फोटो हलवण्यासाठी नव्या यंत्रावर ते दार पुन्हा बसवू नये असं मला मनापासून वाटतं.

एक्सपीच्या यंत्रातली हार्ड डिस्क काढून यूएसबीच्या जोडणीनं नव्या यंत्राला लावा. संगणक दुरुस्तीच्या दुकानात ती जोडणी मिळते, फक्त डिस्क रुंद पट्टीच्या केबलची आहे की सपाट बारीक, ते पाहून घ्या. किंवा पेन ड्राइव्ह. पेन ड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या मांडणीत फॉरमॅट केलेला असेल तर त्यात ४ जीबीहून मोठी एक फाइल जात नाही. मुंजीचा व्हिडिओ तिथेच अडकतो आणि सूचना मात्र ‘जागा नाही’ अशा अर्थाची येते. एनटीएफएस या दुसऱ्या मांडणीत फॉरमॅट केलेला पेन ड्राइव्ह एक्सपीवरही चालतो आणि विंडोज ११ वरही.

मोठा ढीग हलवताना

जुन्या डेस्कटॉपला आणि राउटरला बहुधा १०० एमबीपीएसचं लॅन, म्हणजे तारेची जोडणी, असतं. त्यातून सेकंदाला जास्तीत जास्त ११ एमबीच्या आसपास जातात. म्हणजे ५० जीबी फोटोंना सव्वा तास तरी धरा, आणि लहान लहान फाइल हजारोंनी असतील तर त्याहून जास्त. दोन्ही टोकं आणि राउटर गिगाबिटचे, म्हणजे दहापट वेगाचे, असतील तर तेच काम आठ-दहा मिनिटांत होऊ शकतं. डेस्कटॉप वाय-फायवर असेल तर त्या दिवसापुरती तार लावा.

कट-पेस्ट करू नका. कॉपीच करा, आणि एका वेळी एक वर्ष किंवा एक फोल्डर. झालं की दोन्हीकडच्या फोल्डरच्या प्रॉपर्टीज उघडून फाइलची संख्या आणि आकार जुळवा. लाइट गेले किंवा वाय-फाय मध्येच तुटलं, तर अर्धवट राहिलेलं याच जुळणीत सापडतं. मूळ प्रत लगेच पुसायची घाई नको.

आणि मग अक्षरंच वाचता आली नाहीत

आमच्या सगळ्या फाइल आल्या, संख्या जुळली. आईची ‘पाककृती’ नावाची फाइल ताईनं उघडली तर पुरणपोळीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि विचित्र चिन्हं. आईला वाटलं, कॉपी करताना फाइल बिघडली. बिघडलं काहीच नव्हतं. युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांवर अक्षरं सारखी ओळखली जाण्याची पद्धत, येण्याआधी आपण श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फाँटमध्ये मराठी टाइप करायचो. त्या फाइलमध्ये आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं किंवा चिन्हंच, आणि तो फाँट त्यांना देवनागरीचं रूप देतो. नव्या यंत्रावर फाँट नसला की खालची चिन्हं उघडी पडतात. मराठी घरांत जुना संगणक रिकामा करताना हे हमखास घडतं आणि घाबरलेली माणसं मूळ फाइल पुन्हा पुन्हा कॉपी करत बसतात.

अशा फाइल जुन्या यंत्रावर असतानाच त्यांची पीडीएफ करून घ्या. विंडोज ७ मध्ये पीडीएफ छापायची सोय आपसूक नाही, ती विंडोज १० पासूनची. पण जुन्या यंत्रावर वर्ड २०१० असेल तर ‘सेव्ह ॲज’मध्ये पीडीएफ निवडता येतं. पीडीएफमध्ये सहसा फाँट सोबत जातो, त्यामुळे ती मोबाइलवरही तशीच दिसते. मूळ वर्ड फाइलही सोबत ठेवा, कारण जुन्या फाँटचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर मिळतात आणि पुढे कधी दुरुस्ती करायची झाली तर तीच लागेल. कन्व्हर्टरमधून काढलेला मजकूर एकदा ओळीनं वाचून घ्या. जोडाक्षरं आणि रफार इथे चुकतात. आईच्या फाइलीत ‘कोथिंबिरीच्या वड्या’ नीट उतरल्या होत्या, ‘अर्धी वाटी’तला रफार मात्र सगळीकडे उडाला होता. ती आणि ताई दोघी मिळून तो परत बसवत आहेत, ताई लॅपटॉपवर आणि आई बाजूला मूळ पीडीएफ उघडून.